राखेतल्या गोळ्या

एप्रिल लागला की लातुरात गच्च्या बोलायला लागतात. ऊन कोवळं आहे तोवर क्लासची पोरंपोरी पुस्तकं घेऊन वर चढतात आणि येरझाऱ्या घालत घोकत राहतात. दवाखान्याच्या खिडकीतून मला समोरच्या वसतिगृहाची गच्ची दिसते. डोक्यावरून ओढणी घेतलेली एक मुलगी कालपासून जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर अडली आहे. तीच ओळ, तीच चूक. हाक मारून सांगावंसं वाटतं, पण मागे खाटेवर अण्णा आहेत आणि त्यांचा डोळा आत्ताच लागलाय.

अण्णा म्हणजे माझे वडील. लोह्याजवळच्या एका गावात त्यांनी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पंचक्रोशीत ते अजून 'गुरुजी'च आहेत. वय ऐंशीच्या पुढे, जीभ मात्र तिशीतली. लघवीच्या जंतुसंसर्गाचं निमित्त झालं आणि तो रक्तात चढला. मी अहमदपूरला दवाखाना चालवते, पण हे दुखणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यांना इथे लातूरला आणलं. आल्याआल्या रक्ताचे, लघवीचे नमुने घेतले आणि लगेच अंदाजाने इंजेक्शन सुरू झालं. तरी ताप हटत नाही. आज कल्चरचा रिपोर्ट येईल. नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा, त्याच्यासमोर एकेक औषध ठेवायचं आणि कशाने तो मरतो ते बघायचं, एवढीच ती तपासणी. कशानेच मेला नाही तर काय, हा प्रश्न मी डॉक्टर असून स्वतःला विचारलेला नाही. आपल्या माणसाच्या उशाशी बसताना डॉक्टरकी चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवावी लागते.

म्हणून मी गच्चीकडे बघत बसते, आणि गच्ची मला नांदेडला नेते.

आमच्याही वसतिगृहाला गच्ची होती. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आणि नांदेडचा एप्रिल, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. नांदेडचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आम्ही चादरी भिजवून खिडक्यांना लावायचो, तासाभरात त्या पापडासारख्या कडक व्हायच्या. कूलरमधल्या वाळ्याचा वास, माठाखालच्या ओल्या वाळूचा वास, आणि गच्चीवर वाकलेल्या कडुलिंबाचा फुलोरा. तो वाऱ्याने पुस्तकात झडायचा. औषधशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक माझ्याकडे अजून आहे. प्रतिजैविकांचं प्रकरण उघडलं की पानांच्या बेचक्यात त्या फुलांची पिवळट चुरी सापडते. तिला आता वास नाही, तरी मी दरवेळी हुंगून बघते.

माझ्या खोलीत नसीम होती, उदगीरची. आम्ही इंग्रजीत वाचायचो आणि मराठीत एकमेकींना समजवायचो. त्या उन्हाळ्यात तिच्या घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, आणि आम्ही वाचत होतो की प्रतिजैविक निवडताना संसर्गाचं स्थळ आधी बघावं. नसीमला एवढं पुरे होतं.

"स्थळ बघितल्याबिगर हाव म्हनायचं न्हाई," ती गच्चीवर हातवारे करत बजावायची. "औषध कितीबी देखणं असू दे, घरापोत्तर पोचतंय का ते बघ. लघवीत पोचलं म्हनून मेंदूत पोचंल असं न्हाई. हाडात तर लई जनांना कुनी दारच उघडत न्हाई. आन सासर कसं हाय? किडनी म्हातारी हाय का, लिव्हर दारुडं हाय का, पोटात लेकरू हाय का? त्याला तिथं जाऊन नांदायचंय, माय!"

मी हसून हसून कठड्याला टेकायचे. पुढे तिने आलेली दोन-तीन स्थळं 'चांगलं हाय, पन डोस जास्त हाय' म्हणून परतवली. मला मात्र ते प्रकरण जन्माचं पाठ झालं.

सकाळी आमची पाळी मेडिसिनच्या वॉर्डात असे. तिथल्या सरांना पोरं 'सबूर सर' म्हणायची. नाव वेगळं होतं, पण दर दोन वाक्यांत त्यांचा 'सबूर' ठरलेला. तापाचा पेशंट दिसला की आमच्यातला कुणीतरी उतावीळपणे औषधाचं नाव फेकायचा, तर सर हात वर करायचे.

"सबूर. जंतू हाय का ते तरी ठरव. विषाणूचा ताप असला तर तुझी गोळी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जंतू हाय म्हणतोस, मग कुठला? कुठं बसलाय? नमुना घेतला? आधी नमुना, मग औषध. उलटं केलंस तर पावलं पुसून मग चोर शोधल्यासारखं होईल."

एकदा वॉर्डात एक बाई आली, हात गार, नाडी लागेना, शुद्ध हरपत चाललेली. सर स्वतः धावले. रक्त काढलं आणि त्याच दमात इंजेक्शन दिलं. एका मुलाने धीर करून विचारलं, "सर, सबूर?" सर त्याच्यावर खेकसले नाहीत. म्हणाले, "सबूर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं न्हाई. घर पेटल्यावर विहीर कुणाची ते विचारत बसतो का आपण? पाणी मारायचं. पण आग कशाची होती ते कळलं की नुसतं तेवढंच विझवायचं, गावभर पाणी ओतत सुटायचं न्हाई."

अशा शहाण्या माणसांत मी रमले होते. तरी त्या वर्षी एक शब्द मला नकोसा झाला होता. राखीव. माझी जागा राखीव होती. आम्ही बौद्ध, माझे आजोबा छप्पन साली दीक्षा घेऊन आलेले, अण्णा आमच्या घरातले पहिले मास्तर आणि मी पहिली डॉक्टर होऊ घातलेली. मेसच्या रांगेत मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "राखीववाल्यांना काय टेन्शन?" मी ताट घेऊन पुढे सरकायचे. नसीम मागे वळून बघायची, तेवढ्यावर भागायचं. घरी मी हे कधी सांगितलं नाही. अण्णांना वाटायचं, पोरगी मजेत शिकून राहिली.

अण्णांचा स्वभाव राखून ठेवण्याचा. खडूचे तुकडे, सुतळी, एका बाजूने कोरे कागद, काही म्हणून टाकायचे नाहीत. आणि बी तर त्यांचा जीव. दोडका, भोपळा, वाल यांचं एकेक चांगलं फळ वेलीवरच वाळू द्यायचं, बी काढायचं आणि मडक्यात राख भरून तिच्यात पुरून ठेवायचं. राखेत कीड लागत नाही. "खाताना हात आखडला तरच पेरताना हात मोकळा ऱ्हातो," असं ते म्हणायचे. सुगरणीने मिठाला जपावं तसं ते त्या मडक्याला जपत.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला त्यांना ताप आला. टायफॉइड निघाला. लोह्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सगळ्या संपवायला सांगितल्या. थोड्याच दिवसांत अण्णांना हुशारी वाटली. आणि बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या खाणं म्हणजे त्यांच्या लेखी बियाणं दळून भाकरी करणं! त्यांनी ती अर्धी पट्टी कागदात गुंडाळली आणि मडक्यात दोडक्याच्या बियांशेजारी राखेत पुरली. पुढच्या तापाला कामी येईल म्हणून. जगात दुसरीकडे कुठे कुणी अशी गोळी राखेत ठेवली असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे मात्र ते इतकं सरळ होतं की आईलाही त्यात वावगं दिसलं नाही.

पण औषध मधेच थांबलं की मरतात ते कच्चे जंतू. चिवट असतात ते मागे उरतात. तेही एक बियाणंच की, निवडक, कणखर, पुढच्या पेरणीचं. अण्णांनी दोन्ही राखलं, मडक्यात गोळ्या आणि अंगात जंतू.

चैत्रात ताप परतला. जयंती तोंडावर आलेली. शाळेतल्या लेकरांची भाषणं अण्णांनीच बसवायची, मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन त्यांनीच पुढे चालायचं, असा रिवाज. ते अंथरुणावर कसे पडणार? अंग तापलं की मडक्यातली एक गोळी, उतरलं की बंद. आईला दटावलेलं, "पोरीला कळवू नको, तिचा पेपर हाय." मिरवणूक झाली, भाषणं झाली, आणि मग त्यांचं पोट फुगलं, पायांतलं त्राण गेलं. आईने त्यांना एसटीत घातलं आणि नांदेडला आणलं.

मी वॉर्डात धावत गेले; मडक्यातल्या गोळ्यांचं आईने दारातच सांगून टाकलं. अण्णा खाटेच्या कडेला ताठ बसलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, जशी काही तपासणीला साहेबच यायचे होते. सबूर सरांनी पोट चाचपलं आणि विचारलं, "गुरुजी, सकाळपासून काही औषध घेतलंय?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले.

त्यांच्या खिशाच्या तोंडाशी राखेचा डाग होता. पांढऱ्या शर्टावर तो मला लांबूनच दिसला.

"अण्णा, मडक्यातली?"

ते भिंतीकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "एकच घेतली, माय. तुज्यापुडं तापलेलं अंग घिऊन कसं यावं? तुजा पेपर हाय."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच वेळी मला त्यांचा भयंकर राग आला. सर मात्र रागावले नाहीत. "सबूर," म्हणाले. "औषध आधी पोटात गेलं म्हणजे रक्ताचं कल्चर कोरं येऊ शकतं. पण हाडाच्या मगजात हे जंतू दडून राहतात, गोळीला सहज दाद देत न्हाईत. तिथून नमुना घेऊ." कमरेच्या हाडातून मगज काढताना अण्णांनी हूं की चूं केलं नाही. पोट फुगलेलं, आतडं फाटायची धास्ती, म्हणून नमुना हाती येताच सरांनी जोरकस इंजेक्शन सुरू केलं. आतडं फाटलं तर काय होतं हे मी आठवडाभर आधीच वाचलं होतं. वाचलेलं विसरता येत नाही, हा या शिक्षणाचा शाप आहे.

ते दिवस मी कसे काढले, कोण जाणे. वॉर्ड, परीक्षेचा हॉल, वॉर्ड. नसीम अण्णांच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचायची, म्हणजे मला पुस्तक उघडायला नको. आई पदराने वारा घालायची. एकदा मी पेपर देऊन आले तर नसीम अण्णांना स्थळांचं पुराण सांगत होती आणि अण्णा ग्लानीतही मान डोलवत विचारत होते, "मग ह्या मगजात कंचं औषध नांदतंय, बाई?"

इंजेक्शनने ताप उतरू लागला आणि मगजाचा रिपोर्ट आला. राखेतल्या गोळ्यांना जंतू जुमानतच नव्हता. चालत होतं ते इंजेक्शन, आणि एक सल्फाची जुनी गोळी, जी तेव्हा फारसं कुणी लिहूनही देत नसे. सरांनी अण्णांना विचारलं, पूर्वी सल्फाने कधी अंगावर पुरळ आलं होतं का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग गुरुजी, आता इंजेक्शन बंद करू. जुन्या गोळीनं काम होतंय. हे इंजेक्शन राखीव ठेवू."

अण्णांनी उशीवरून डोकं उचललं.

"राखीव? म्हंजे भारीतलं दुसऱ्यासाठी, आन जुनं-पानं आमच्यासाठी?"

मी खाली बघितलं. मेसच्या रांगेतला तो शब्द इथवर येईल असं मला वाटलं नव्हतं. सर निघालेले थांबले, स्टूल ओढून अण्णांच्या उशाशी बसले.

"सबूर, गुरुजी. राखीव म्हणजे मोठ्या माणसांसाठी झाकून ठेवलेलं न्हाई. ज्याला दुसरं काहीच चालत न्हाई, त्याच्या हक्काचं. तुमचं गोळीनं भागतंय. उद्या असा कुणी येईल की ज्याचं कशानंच भागत न्हाई. त्याचं औषध आज आपण उधळलं, तर तो कुणाच्या तोंडाकडं बघणार?"

अण्णांनी डोकं परत उशीवर टेकलं. मग म्हणाले, "हे मला सांगावं लागलं, म्हंजे ताप डोक्यात गेलता बगा. माजी लेक त्याच शब्दावर हितं शिकून राहिली. ठिवा तुमचं इंजेक्शन. आना ती जुनी गोळी."

हे त्यांनी अख्ख्या वॉर्डासमोर, वर्गात बोलावं तसं खणखणीत आवाजात सांगितलं. रांगेत कुजबुजणारेही दोघं-तिघं तिथे उभे होते. लाजेने की अभिमानाने माझे कान तापले ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. तो अभिमानच होता. त्यानंतर कुणी तो शब्द मागून टाकला तरी मी ताट घेऊन सरकले नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, सगळ्यात ताकदवान औषध सगळ्यांना पहिल्यांदाच का देऊ नये? मी पुस्तकातलं सांगितलं. पोटातले कामाचे जंतूही मरतात, नको ते परिणाम होतात, जंतू त्या औषधालाही सरावतो. मग थांबून म्हटलं, "सर, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हक्काचं असतं." परीक्षक हसले की नाही ते आठवत नाही. मी पास झाले. अण्णांनी सल्फाची शेवटची गोळी शाळेत सगळ्या लेकरांसमोर खाल्ली आणि फळ्यावर लिहिलं, 'बी राखावं, गोळी राखू नये.'

आता माझ्या दवाखान्यात रोज कुणीतरी म्हणतं, "म्याडम, पावरची द्या." सर्दीला पावरची, खोकल्याला पावरची. देवणीकडचा एक गडी गाईच्या कासेत सोडायची उरलेली ट्यूब स्वतःच्या गळवावर चोळून आला होता, वर मलाच विचारतो, "दूध तर नाशत न्हाई ना ह्यानं?" मी सबूर म्हणते. काही थांबतात, काही उठून पुढच्या दवाखान्यात जातात. वाईट वाटतं. पण रागवायचं कुणावर? राखून ठेवणारी माणसं आहेत ही. चुकीचं ते राखतात एवढंच.

दारात चाहूल लागली. नसीम. हो, तीच. ती जंतुशास्त्राकडे वळली आणि आता या दवाखान्याची प्रयोगशाळा तिच्याकडे आहे. केस पिकलेत, हातवारे तेच. आज मात्र हात स्थिर होते.

"सगळ्या रांगेत आर," ती हलक्या आवाजात म्हणाली. आर म्हणजे जंतू दाद देत नाही. "एकच चालतंय. राखीवातलं हाय. किडनीला जड हाय, डोस मोजून कमी करावा लागंल. इथल्या डॉक्टरांशी मी बोलले."

अण्णा जागे होते. म्हाताऱ्या माणसांना नको ते नेमकं ऐकू येतं.

"जुनं कायच चालंना का?"

"नाही, अण्णा."

"मग राखीवातलं मला? आता माजं पिकलं पान. एकाद्या लेकरासाठी ऱ्हाऊ दे की."

मी त्यांच्या उशाशी स्टूल ओढलं. बसल्यावर लक्षात आलं, सबूर सर असेच बसले होते. डॉक्टरकी खरंच दाराबाहेर राहिली होती. मग कसंबसं म्हटलं, "अण्णा, ज्याला दुसरं काहीच चालत नाही, त्याच्या हक्काचं असतं ते. आज तुम्हाला काही चालत नाही. हे कुणी तुम्हाला दान देत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात सलाईनसाठी पुढे केला.

मधले दिवस धाकधुकीचे गेले. किडनीचे आकडे चढले, डोस आणखी बेताने द्यावा लागला. मग एका सकाळी कपाळाला हात लावला तर ते माठासारखं गार होतं. समोरच्या गच्चीवरच्या मुलीची पेशीभित्तिका एकदाची पार पडली होती, ती पुढच्या प्रकरणावर गेली होती. नर्स इंजेक्शन घेऊन आली, अण्णांना उठून बसलेलं बघून हसली. म्हणाली, "आजोबा, बरं वाटतंय की आता! सुट्टी पाहिजे का?"

"सुट्टी कशाची, बाई? आनखी ऱ्हायलंय ना? मग सोड. बरं वाटलं म्हनून थांबायचं नसतं."

मग माझ्याकडे वळून, खोडकर डोळ्यांनी, हळूच म्हणाले, "ह्या बारीला मडक्यात काय न्हाई ठिवलं, माय."